पेसमेकर बसवल्यावर छातीत रक्त साकळू नये म्हणून

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका काकांना पेसमेकर बसला. काका महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले, वय सत्तरच्या आसपास. दोन-तीनदा चक्कर येऊन पडले. दवाखान्यात नेले तर नाडी मिनिटाला ३६ भरली. डॉक्टर म्हणाले, आजच भरती व्हा. ऑपरेशन झाले, तिसऱ्या दिवशी काका घरी आले. चहा घेत खाटेवर बसून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सदऱ्याची गुंडी काढून पट्टी दाखवत होते.

पाचव्या दिवशी टाक्यांच्या खाली फुगवटा दिसला. सकाळी लिंबाएवढा होता, संध्याकाळी मोसंबीएवढा झाला. सुनेने काळजीपोटी मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक दिला. सूज वाढली. मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेले. तिथे दुखण्याचे इंजेक्शन मिळाले आणि सांगण्यात आले, "उद्या सकाळी या, सुई घालून आतले पाणी काढून टाकू." काका तयार होते. दुखणे कमी होणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

हे आरोग्य पान आम्ही तिघे-चौघे मिळून चालवतो. आमच्यातली एक ताई रुग्णालयाच्या वॉर्डात परिचारिका आहे. रात्री ड्युटीवरून येताना तिने सहज डोकावले. "बाबा, बघू द्या जरा," म्हणून तिने दिव्याखाली पाहिले. चामडी ताणून चकचकीत झाली होती, बोट लावले तर काका कळवळले. ती म्हणाली, "सुई लावायची नाही, शेकायचे नाही, चोळायचे नाही. आत्ताच्या आत्ता जिथे पेसमेकर बसवला तिथे चला." रिक्षा केली आणि त्याच रात्री काका परत भरती झाले. त्यांचे पुढे काय झाले ते सांगतोच. आधी त्या फुगवट्यात काय होते ते समजून घेऊ.

पेसमेकर म्हणजे बॅटरीवर चालणारी, काडेपेटीहूनही लहान अशी चपटी धातूची डबी. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या खाली, बहुतेक वेळा डाव्या बाजूला, तेवढीच जागा बधिर करून दोन-अडीच इंचांचा छेद घेतात. तिथल्या शिरेतून एक किंवा दोन बारीक तारा हृदयापर्यंत सोडतात. डबी ठेवायला कातडीखाली, छातीच्या स्नायूवर, एक जागा मोकळी करतात. डॉक्टर तिला पॉकेट म्हणतात, आपण खिसा म्हणू. हा खिसा शरीरात आधी नसतो, तो नव्याने केलेला असतो. कातडी स्नायूपासून सोडवताना बारीक बारीक रक्तवाहिन्या तुटतात. डॉक्टर त्या जाळून बंद करतात. तरीही एखादी झिरपत राहिली, तर रक्ताला जायला आयती पोकळी मिळते. खिशात रक्त भरते, साकळते आणि बाहेरून गोळा दिसतो. काकांच्या छातीत पाणी नव्हते, पू नव्हता. ते साकळलेले रक्त होते.

आता कुणी म्हणेल, रक्तच ना, जिरेल हळूहळू. बऱ्याच वेळा खरेच जिरते. पण तिथे डबी असते, तारा असतात, आणि साकळलेले रक्त म्हणजे जंतूंना वाढायला चांगली जागा. कॅनडातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवून २०१६ साली निष्कर्ष छापले. ज्यांच्या खिशात मोठी गाठ झाली होती, अशा १०० जणांमागे ११ जणांना पुढे गंभीर जंतुसंसर्ग झाला. ज्यांना गाठ झाली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण १०० मागे दीडच होते. आणि एकदा खिशात पू झाला की नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. डबी आणि तारा, सगळे बाहेर काढावे लागते. शिरेतून अँटिबायोटिक चालते, बरे झाल्यावर दुसऱ्या बाजूला नवा पेसमेकर बसतो. रोजावर जगणाऱ्या घराला हा किती मोठा फटका आहे हे वेगळे सांगायला नको. सुई घालायची नाही, ती याचसाठी. आत जंतू नसले तर सुई ते नेऊन ठेवते, आणि साकळलेले रक्त घट्ट असल्यामुळे सुईतून धड निघतही नाही.

गोळ्यांची पिशवी

काकांच्या बाबतीत हे का झाले? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घरच्यांना विचारले, "यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत?" भरती होतानाही विचारले होते, तेव्हा काकांनीच उत्तर दिले होते, "बीपीची एक." खोटे नव्हते, अर्धवट होते. आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका रुग्णालयात त्यांना स्टेंट बसला होता. ती फाईल लेकीच्या घरी पेटीत. स्टेंटनंतरची कॅप्सूल ते रोज रात्री न चुकता घेत होते, पण घरात तिचे नाव "रात्रीची गोळी". त्या एका कॅप्सूलमध्ये अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी दोन औषधे होती, दोन्ही रक्त गोठू न देणारी. शिवाय गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी दिवसातून दोनदा. ती तर त्यांच्या मते औषधच नव्हते. "अंगदुखीची साधी गोळी आहे ती," काका आम्हालाही म्हणाले.

हृदयाची माहिती आपल्या घरांत अशीच विखुरलेली असते. एक कागद लेकीकडे, एक गादीखाली, एक पावसात भिजलेला. गोळ्यांची नावे रंगावरून: पिवळी, गुलाबी, अर्धी. यात आपल्याला हसण्यासारखे काही वाटत नाही. कागद इंग्रजीत, अक्षर वाचता येत नाही, आणि विचारले तर "तुम्हाला काय कळणार" हे ऐकलेले असते. पण ज्या ऑपरेशनमध्ये रक्त थांबण्यावर एवढे अवलंबून आहे, तिथे याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणून आमचे सांगणे सोपे आहे. घरात रुग्णाच्या नावाने जेवढ्या गोळ्या, पुड्या, काढे, कॅप्सूल असतील, तेवढे सगळे पाकिटांसकट एका पिशवीत घाला आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. नाव सांगता आले नाही तरी चालेल. सांधेदुखीवर म्हणून बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्याही त्यात घाला, कारण त्यांत काय मिसळलेले असते हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

पिशवीबरोबर तोंडाने सांगायच्या गोष्टीही आहेत. दात काढल्यावर रक्त बराच वेळ थांबले नव्हते का, साध्या धक्क्याने अंगावर काळेनिळे डाग पडतात का, कावीळ किंवा लिव्हरचा आजार आहे का, किडनीचा त्रास किंवा डायलिसिस चालू आहे का. दारू घेत असतील तर तेही सांगावे. सुनेसमोर सांगायला लाज वाटते, तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावे.

स्वतःच्या मनाने बंद करायची नाही

एवढे वाचून कुणाच्या मनात येईल, मग ऑपरेशनच्या आठवडाभर आधी रक्त पातळ करणारी गोळी बंदच करावी. थांबा. इथेच सर्वात मोठी चूक होते.

आमच्या ओळखीच्या एका मावशींच्या हृदयात धातूची झडप आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला, त्याचा हृदयावर परिणाम झाला आणि पुढे झडप बदलावी लागली. दाटीच्या, कोंदट वस्त्यांत हा आजार आजही होतो. धातूच्या झडपेवर रक्त साकळू नये म्हणून मावशींना वारफेरिनच्या जातीची गोळी, अ‍ॅसिट्रॉम, जन्मभर घ्यायची आहे. गेल्या वर्षी पेसमेकरची तारीख मिळाली तेव्हा शेजारणीने सांगितले, "अगं, रक्त पातळ असलं तर टाके सुकत नाहीत." मावशींनी कुणाला न विचारता गोळी बंद केली. सहाव्या दिवशी सकाळी त्यांना बोलता येईना आणि उजव्या हातातली वाटी गळून पडली. मेंदूत गुठळी गेली होती. वेळेत रुग्णालयात पोचल्या म्हणून चालता येते, पण शब्द अजून अडखळतात.

पूर्वी डॉक्टरही ही गोळी चार-पाच दिवस थांबवायचे आणि मधल्या काळात हेपारिनची इंजेक्शने द्यायचे. ऐकायला सुरक्षित वाटते. कॅनडातल्याच डॉक्टरांनी ६८१ रुग्णांवर ही पद्धत तपासून पाहिली. गुठळीचा धोका ज्यांना बऱ्यापैकी आहे असेच रुग्ण त्यांनी घेतले होते. निम्म्या लोकांची वारफेरिन चालू ठेवली, निम्म्यांची थांबवून हेपारिन दिले. २०१३ साली निकाल आला. गोळी चालू ठेवलेल्यांत खिशात मोठी गाठ झाली १०० मागे साडेतीन जणांना. गोळी थांबवून इंजेक्शन दिलेल्यांत १०० मागे १६ जणांना. म्हणजे रक्तस्राव टाळण्यासाठी जे करायचे, त्यानेच तो चौपटीहून जास्त वाढत होता.

याचा अर्थ सर्वांची गोळी चालूच ठेवायची असाही नाही. ज्यांना गुठळीचा धोका कमी आहे त्यांची गोळी डॉक्टर काही दिवस थांबवतात. डाबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबान, अ‍ॅपिक्साबान या नव्या गोळ्यांचे गणित वेगळे आहे. त्या किती तास आधी थांबवायच्या की चालूच ठेवायच्या, हे किडनीच्या रिपोर्टवरही ठरते. स्टेंट नवा असेल तर गोळी बंद केल्याने स्टेंटच बंद पडू शकतो. अशा वेळी, घाई नसेल तर, ऑपरेशन पुढे ढकलण्याचाही विचार होतो. एवढी उलटसुलट गणिते शेजारीपाजारी बसून सुटणारी नाहीत. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तीनच: "ही गोळी बंद करायची का? शेवटची कोणत्या दिवशी घ्यायची? पुन्हा कधी सुरू करायची?" उत्तर केसपेपरवर लिहून मागा. मराठीत लिहून द्या म्हटले तर कुणी रागावत नाही. रागावले तरी मागा.

वारफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम घेणाऱ्यांची आयएनआर नावाची रक्ततपासणी असते. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे ती सांगते. ऑपरेशनच्या दिवशीचा किंवा आदल्या दिवसाचा आकडा हवा, महिन्यापूर्वीचा चालत नाही. त्या कॅनडातल्या पाहणीत गोळी चालू ठेवून ऑपरेशन करताना हा आकडा ३ पर्यंत, आणि धातूची झडप असलेल्यांना ३.५ पर्यंत मान्य होता. तुमच्या रुग्णासाठी किती, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. आपले काम, तपासणी झाली का हे विचारायचे. बीपीची गोळी मात्र सांगितल्याप्रमाणे घ्या. चढलेल्या बीपीत रक्त थांबायला वेळ लागतो.

घरी आल्यावरचे दोन आठवडे

ऑपरेशननंतर जागेवर घट्ट दाबपट्टी बांधतात, काही ठिकाणी वर वाळूची पिशवी ठेवतात. रुग्णाला खाज येते, गरम होते, आणि "थोडी सैल करा रे" अशी विनवणी सुरू होते. सांगितलेल्या वेळेआधी सैल करू नका. तो दाबच आतल्या झिरपणाऱ्या वाहिन्या बंद करतो.

पट्टी निघाल्यावर घाबरवणारी, पण न घाबरण्याची एक गोष्ट दिसते. छातीवर, काखेत, कधी दंडापर्यंत काळेनिळे पडते, बायकांना स्तनावरही उतरते. कातडीत पसरलेले रक्त खाली ओघळते, पुढे ते हिरवट-पिवळे होते आणि दोन-तीन आठवड्यांत मावळते. सपाट असेल, ताण नसेल, दुखणे रोज कमी होत असेल तर काळजीचे कारण नाही. आपल्या सावळ्या रंगावर निळेपणा किंवा लाली चटकन दिसत नाही. म्हणून नजरेपेक्षा हातावर भरवसा ठेवा. स्वच्छ धुतलेल्या हाताची मागची बाजू टाक्यांपासून थोडी दूर, एकदा या बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला टेकवा. एक बाजू जास्त गरम लागते का, कातडी ताणलेली लागते का, ते कळते. रोज त्याच वेळी, त्याच जागी बसवून मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा. कालचा आणि आजचा शेजारी ठेवला की सूज वाढते की उतरते यावर वाद होत नाही. डॉक्टरांनाही तो फोटो फार उपयोगी पडतो.

गोळा उठला, तासातासाला वाढू लागला, चामडी चकचकीत झाली, पट्टी ताज्या रक्ताने भिजली, दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, तर सकाळची वाट पाहू नका. टाक्यांतून पाणी किंवा पू आला, ताप आला, तरीही तसेच. आणि छातीत दुखून अचानक दम लागला, घेरी आली किंवा उचकी थांबेना, तर ते आतले दुखणे असू शकते. तार शिरेतून नेताना फुप्फुसाला किंवा हृदयाला इजा झाली तर रक्त बाहेर न दिसता आत साठते. हे क्वचित होते, पण झाले तर तिथे मिनिटे मोजायची असतात. १०८ ला फोन करा.

घरात करायचे नाही ते एवढेच: शेक नाही, बाम नाही, हळद-तेलाचा लेप नाही, मालिश नाही, उघडी गाठ दाबून बघणे नाही. येणारा प्रत्येक पाहुणा बोट लावून बघतो, त्याला प्रेमाने पण ठाम अडवा. खपली काढू नका. टाके भिजवायचे कधी ते डॉक्टर सांगतील, तोवर अंग पुसून घ्या. दुखले तर पॅरासिटामॉल, सांगितलेल्या प्रमाणात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा त्यांचे मिश्रण असलेल्या गोळ्या मेडिकलमधून आपण होऊन आणू नका, त्या रक्तस्राव वाढवतात. कमरेतले इंजेक्शनही नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्या माणसाला त्या इंजेक्शनच्या जागीही रक्त साकळू शकते. जुलाब किंवा दातासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर आधी सांगा की अ‍ॅसिट्रॉम चालू आहे. मेट्रोनिडाझोलसारखी काही औषधे त्याचा परिणाम एकदम वाढवतात.

डावा हात खांद्याच्या वर उचलायचा नाही, वजन घ्यायचे नाही, साधारण चार ते सहा आठवडे. मुख्य कारण म्हणजे तार जागेवरून हलू नये. शिवाय ताज्या जखमेला हिसका बसत नाही. पाण्याचा हंडा, गॅसची टाकी, कडेवरचे नातवंड, वरच्या फळीवरचा डबा, हे सगळे यात आले. बायकांनी ब्लाउजची बाही किंवा आतल्या कपड्याचा पट्टा टाक्यांवर घासणार नाही असे पाहावे. पण भीतीने हात छातीशी बांधूनही ठेवू नका, खांदा आखडतो. कोपरापासून हात हलवत राहा, जेवा, केस विंचरायचे ते उजव्या हाताने.

पेसमेकर आयुष्यभर एकच पुरत नाही. शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर १९५८ च्या ऑक्टोबरात स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या रुग्णाला बसवला, तो काही तासांतच बंद पडला. लार्सन मात्र त्यानंतर वीसहून जास्त पेसमेकर बदलत २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. आताच्या बॅटऱ्या साधारण आठ-दहा वर्षे चालतात. बदलायची वेळ आली की तोच खिसा पुन्हा उघडतात. "नुसती बॅटरी बदलायची आहे" म्हणून गोळ्यांची पिशवी घरी ठेवून जाऊ नका. रक्त साकळण्याचा धोका तेव्हाही असतोच.

खर्चाचे विचाराल तर, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत सहभागी रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन भरती होतानाच त्यांना भेटा. आणि गाठ झाल्यामुळे पुन्हा भरती व्हावे लागले, तर पहिल्या ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड दाखवून हा खर्च योजनेत बसतो का, ते आधी विचारा. पैशाच्या भीतीने काकांची सून त्या रात्री थांबायला निघाली होती.

काकांना रुग्णालयात चार दिवस ठेवले. डॉक्टरांनी गाठ उघडली नाही, सुईही लावली नाही. दाबपट्टी बांधली, हिमोग्लोबिन तपासले, गुडघ्याची गोळी कायमची बंद केली. स्टेंटची फाईल लेकीकडून मागवून रात्रीच्या कॅप्सूलचे काय करायचे ते ठरवले. पुढच्या तीन आठवड्यांत गाठ जिरली. मधेच १४ एप्रिल आला. दर वर्षी मिरवणुकीत पुढे लेझीम खेळणारे काका या वेळी कडेला खुर्चीवर बसले होते. उजव्या हातात निळा झेंडा, डावा हात मांडीवर, आणि सदऱ्याच्या खिशात पेसमेकरचे कार्ड. त्याच कार्डाच्या मागे नातीने मोठ्या मराठी अक्षरांत सगळ्या गोळ्यांची नावे लिहून चिकटवली आहेत.